छायाप्रत यंत्राची निवड : बिलावरची किंमत आणि मीटरवरची किंमत

कार्यालयासाठी छायाप्रत यंत्र घ्यायचे ठरले की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत अवलंबली जाते. दोन-तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवली जातात, त्यांतील किमतींची तुलना होते आणि सर्वांत स्वस्त यंत्र घरी येते. पुढे टोनर, ड्रम आणि दुरुस्ती यांची बिले एकत्र करून पाहिली, तर काही वर्षांत ती यंत्राच्या मूळ किमतीला मागे टाकून गेलेली आढळतात. यात विक्रेत्याने फसवलेच असते असे नाही. छायाप्रत यंत्र ही एकदा पैसे मोजून मोकळे होण्याची वस्तू नव्हे. ते निघणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे पैसे घेत असते. हे पैसे नेमके कोठे खर्च होतात, हे समजून घ्यायचे तर यंत्राच्या पोटात काय चालते ते आधी पाहावे लागते.

गंधकाच्या थरावरची अक्षरे

या यंत्राचा जनक चेस्टर कार्लसन हा न्यूयॉर्कमधील एका विद्युत उपकरणांच्या कंपनीत पेटंट विभागात काम करीत असे. पेटंटच्या कागदपत्रांच्या आणि रेखाटनांच्या प्रती सतत लागत. त्या पुन्हा टंकलिखित करणे वेळखाऊ होते आणि छायाचित्र काढून घेणे खर्चिक. त्यातच त्याला संधिवाताचा त्रास होता. भौतिकशास्त्राचा पदवीधर असलेल्या कार्लसनने या अडचणीवर स्थितिक विद्युतीचा उपाय शोधला. न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात भाड्याने घेतलेल्या खोलीत, २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, त्याने आणि त्याचा मदतनीस ओटो कॉर्नाय याने जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, तो कापडाने घासून विद्युतप्रभारित केला आणि त्या दिवसाची तारीख व ठिकाण लिहिलेली काचपट्टी त्यावर ठेवून प्रखर प्रकाश टाकला. मग लायकोपोडियमची बारीक भुकटी त्यावर शिंपडून फुंकर मारली. अक्षरे होती तेथेच भुकटी चिकटून राहिली. ती मेणकागदावर दाबून घेतल्यावर जगातील पहिली कोरडी छायाप्रत तयार झाली.

त्यानंतर वीस वर्षे गेली. अनेक नामांकित कंपन्यांनी त्याला परत पाठवले. १९४४ मध्ये ओहायोतील बॅटेल संस्थेने आणि त्यानंतर रोचेस्टर येथील हॅलॉइड या छायाचित्रण-कागद बनविणाऱ्या कंपनीने या कल्पनेला हात दिला. १९४८ मध्ये तिला ‘झेरोग्राफी’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत ‘झेरोस’ म्हणजे कोरडे. त्यावरूनच पुढे कंपनीचे नाव झेरॉक्स झाले. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आलेले ‘९१४’ हे साध्या कागदावर आपोआप प्रती काढणारे यंत्र सुमारे २९४ किलो वजनाचे होते आणि मिनिटाला सात प्रती काढीत असे. नऊ गुणिले चौदा इंचांपर्यंतचा कागद त्यात चाले, म्हणून हे नाव. त्यात कागद कधीकधी पेट घेई, तेव्हा कंपनी सोबत एक छोटे अग्निशामक देत असे.

विक्रीची रीत मात्र यंत्राइतकीच नवी होती. यंत्र महागडे असल्याने ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले जाई. त्यात २,००० प्रती मिळत आणि त्यापुढील प्रत्येक प्रतीला वेगळे पैसे पडत. त्यासाठी यंत्रात मीटर बसवलेला असे. कंपनीची खरी कमाई त्या मीटरवर झाली, आणि या धंद्याचा पाया आजही तोच आहे. भारतात १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. पुढे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, मराठी माणूस ‘झेरॉक्स काढतो’ असेच म्हणू लागला.

ड्रमची एक फेरी

आजच्या यंत्रात गंधकाच्या पत्र्याची जागा ड्रमने घेतली आहे. हे अॅल्युमिनियमचे नळकांडे असून त्यावर प्रकाशसंवाहक पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. अंधारात हा थर विद्युतप्रभार धरून ठेवतो, प्रकाश पडला की सोडून देतो. पूर्वी यासाठी सेलेनियम वापरत. आता बहुतांश यंत्रांत सेंद्रिय संयुगांचा थर असतो, तर काही कंपन्या अधिक टणक असा सिलिकॉनचा थर देतात.

ड्रम फिरू लागला की प्रथम एक रोलर किंवा उच्च दाबाची तार त्यावर सर्वत्र सारखा प्रभार देते. तारेच्या पद्धतीत थोडा ओझोन वायू तयार होतो. जुन्या यंत्राजवळ येणारा विशिष्ट वास त्याचाच. दुसऱ्या टप्प्यात ड्रमवर प्रतिमा उमटते. पूर्वीच्या यंत्रांत मूळ कागदावर पडलेला प्रकाश आरसे व भिंगांतून थेट ड्रमवर येई. कोऱ्या भागावरून परावर्तित झालेला प्रकाश ड्रमवरील प्रभार पुसून टाकी आणि अक्षरांच्या जागी तो शिल्लक राही. आताच्या डिजिटल यंत्रांत मूळ कागद आधी स्कॅन होतो, त्याचे आकड्यांत रूपांतर होते आणि लेझर किरण त्यानुसार ड्रमवर ‘लिहितो’. वीस पानी दस्ताच्या तीस प्रती हव्या असल्या, तर जुने यंत्र प्रत्येक प्रतीसाठी नव्याने प्रकाश टाकी. नवे यंत्र प्रत्येक पान एकदाच वाचते.

तिसरा टप्पा टोनरचा. टोनर म्हणजे शाई नव्हे. ती काजळीसारखे रंगद्रव्य मिसळलेली प्लॅस्टिकची भुकटी असून तिचा कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. विद्युत आकर्षणाने ती ड्रमवरील प्रतिमेच्या जागीच बसते. मग कागद ड्रमला भिडतो, कागदामागील रोलर टोनरला आपल्याकडे ओढतो आणि प्रतिमा कागदावर येते. या क्षणी बोट फिरवले तर अक्षरे पुसली जातील. म्हणून कागद पुढे फ्यूजरमधून जातो. तेथे दोनशे अंशांच्या आसपास तापलेला रोलर आणि दाब देणारा दुसरा रोलर यांमध्ये प्लॅस्टिक वितळून कागदाच्या तंतूंत घट्ट बसते. प्रत हातात येते तेव्हा ती कोमट असते, ती यामुळेच. यंत्राला लागणारी बहुतेक वीज येथे खर्च होते. इकडे ड्रमवर थोडा टोनर उरलेला असतो. तो रबरी पाते खरवडून काढते, उरलासुरला प्रभार नाहीसा केला जातो आणि ड्रम पुढच्या फेरीला तयार होतो.

या सर्व प्रवासात झिजणारे काय? टोनर संपतो. ड्रमचा थर पात्याच्या घर्षणाने झिजतो. पाते स्वतः बोथट होते. फ्यूजरचा रोलर उष्णतेने खराब होतो, कागद ओढणारे रबरी रोलर गुळगुळीत होतात. मीटरवरच्या प्रत्येक आकड्यामागे या पाच वस्तूंचा थोडा थोडा अंश खर्ची पडलेला असतो.

दोषांचे मूळही यावरूनच ओळखता येते. कागदावर ठरावीक अंतराने तोच डाग पुन्हा पुन्हा दिसला, तर तो कोणत्या तरी फिरत्या भागाचा दोष. ड्रमचा व्यास ३० मिलिमीटर असेल तर त्यावरील ओरखडा दर ९४ मिलिमीटरवर, म्हणजे ए-फोर कागदाच्या लांबीत तीनदा उमटेल. अक्षरे बोटाने पुसली जात असतील तर फ्यूजर पुरेसा तापत नाही. आणि मोठ्या काचेवरून काढलेली प्रत स्वच्छ येते, पण वरच्या फीडरमधून काढलेल्या प्रतीवर उभी काळी रेघ येते, अशी तक्रार असेल तर तंत्रज्ञ बोलावण्याआधी काचेच्या कडेची अरुंद पट्टी पुसावी. त्यावर व्हाइटनरचा किंवा गोंदाचा एखादा कण चिकटलेला असतो. एवढ्या कामासाठी सेवाशुल्क भरणारी कार्यालये थोडी नाहीत.

डिजिटल पद्धतीचा एक धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल याने २०१३ मध्ये दाखवून दिले की झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडे बदलत होते. एका बांधकाम आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी असताना स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ हाच आकडा आला. फाइल लहान करण्याच्या प्रक्रियेत यंत्र एकसारख्या दिसणाऱ्या आकृत्यांच्या जागी एकच आकृती वापरत होते. कंपनीने नंतर सुधारित सॉफ्टवेअर दिले. तरी हिशेबाचे, मोजणीचे किंवा औषधांच्या मात्रांचे कागद स्कॅन करताना फार कमी दर्जाची सेटिंग ठेवू नये, हे बरे.

एका प्रतीचा खर्च

यंत्रांची रचना मुख्यतः दोन प्रकारची असते. कॅनन कंपनीने १९८२ मध्ये आणलेल्या छोट्या यंत्रांत ड्रम, टोनर आणि सफाईचे पाते एकाच काडतुसात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये बसवले होते. कार्ट्रिज बदलले की यंत्राचे काळीज नवे. तंत्रज्ञाची गरज कमी झाली, पण टोनर संपला की चांगला ड्रमही टाकून द्यावा लागतो. मोठ्या यंत्रांत टोनर वेगळा आणि ड्रम वेगळा असतो. यंत्र महाग, प्रत स्वस्त.

फरक कसा पडतो, हे पाहण्यासाठी उदाहरणादाखल काही आकडे धरू. पहिले यंत्र ७०,००० रुपयांचे. त्याचे कार्ट्रिज १,४०० रुपयांना मिळते आणि २,००० प्रती देते. म्हणजे प्रतीला ७० पैसे. दुसरे यंत्र १,३०,००० रुपयांचे. त्याचा टोनर ३,००० रुपयांत १०,००० प्रती देतो आणि ६,००० रुपयांचा ड्रम ६०,००० प्रती टिकतो. म्हणजे ३० पैसे अधिक १० पैसे, एकूण ४० पैसे. महिना ८,००० प्रती निघणाऱ्या कार्यालयात पाच वर्षांत ४,८०,००० प्रती होतील. पहिल्या यंत्राचा एकूण खर्च ४,०६,००० रुपये, दुसऱ्याचा ३,२२,००० रुपये. ‘स्वस्त’ यंत्र ८४,००० रुपयांनी महाग पडले. मात्र एखाद्या सनदी लेखापालाच्या छोट्या कार्यालयात महिना १,५०० प्रतीच निघत असतील, तर पाच वर्षांचा खर्च अनुक्रमे १,३३,००० आणि १,६६,००० रुपये होतो आणि तेथे लहान यंत्रच योग्य ठरते. या उदाहरणात पारडे फिरते ते दोन लाख प्रतींवर, म्हणजे महिना सुमारे ३,३०० प्रतींवर. कागद, वीज आणि दुरुस्ती यांत धरलेली नाही. परंतु निर्णयाची दिशा एवढ्यावरूनही कळते.

म्हणून दरपत्रक मागवण्यापूर्वी दोन-तीन महिने आपल्याकडे किती प्रती निघतात याची नोंद ठेवणे, ही निवडीची खरी सुरुवात होय. मार्चअखेर, प्रवेशाचा हंगाम, वार्षिक सभा असे गर्दीचे महिनेही त्यात यावेत. माहितीपत्रकातील ‘मासिक क्षमता’ हा आकडा बहुधा यंत्र एखाद्या महिन्यात सोसू शकेल अशी कमाल मर्यादा असते. रोजच्या वापरासाठी सुचवलेला आकडा त्याहून पुष्कळ कमी असतो. तो स्वतंत्रपणे विचारावा. टोनरच्या प्रतींचा आकडाही साधारणतः पानाचा पाच टक्के भाग काळा होईल असे गृहीत धरून दिलेला असतो. ए-फोर पानावर हे क्षेत्र जेमतेम ३१ चौरस सेंटिमीटर भरते. दाट तक्ते, छायाचित्रे, गडद शिक्के असतील तर टोनर लवकर संपणारच. झाकण उघडे ठेवून पुस्तकाची प्रत काढली की भोवतीची काळी चौकट कागदावर येते. ती चौकट म्हणजे वाया गेलेला टोनर.

मिनिटाला किती प्रती, या आकड्याचे मात्र उगाच कौतुक होते. बहुतेक कार्यालयांत एका वेळी एक-दोनच प्रती काढल्या जातात. तेथे यंत्र झोपेतून जागे होऊन पहिली प्रत किती सेकंदांत देते, हे जास्त महत्त्वाचे. शिवाय एकेक सुटी प्रत काढताना ड्रमला आधी आणि नंतर रिकाम्या फेऱ्या घ्याव्या लागतात, त्यामुळे सलग पन्नास प्रतींपेक्षा सुट्या पन्नास प्रतींत तो अधिक झिजतो.

आकाराचा प्रश्न वकील, गृहनिर्माण संस्था आणि मालमत्तेचे व्यवहार पाहणाऱ्यांनी विशेष तपासावा. ए-फोर गटातील अनेक यंत्रांची काच ए-फोर एवढीच असते. लीगल आकाराचा कागद फक्त फीडरमधून जातो. जुने शिवलेले खरेदीखत, पासबुक किंवा जीर्ण दस्त फीडरमध्ये घालता येत नाही. अशा कामासाठी ए-थ्री काचेचे यंत्र घ्यावे लागते. कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छपाई करण्याची सोय आता चैन राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्याकडील कामकाजासाठी ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी वापरण्याची पद्धत लागू केली.

रंगीत यंत्रात चार रंगांचे टोनर आणि बहुधा चार ड्रम असतात. रंगीत प्रती क्वचितच लागत असतील तर त्या बाहेरून काढून आणणे परवडते. शाईच्या टाकीची यंत्रेही आता कार्यालयांत दिसतात. त्यांत तापणारा फ्यूजर नसल्याने वीज कमी लागते आणि शाई स्वस्त पडते. पण पाण्याने फिसकटणारी शाई सरकारी कामाच्या कागदांना चालेल का, हे आधी पाहावे.

करारातील बारीक अक्षरे

देखभालीचा करार म्हणजे एएमसी. तो दोन प्रकारचा असतो. एकात केवळ तंत्रज्ञाची मजुरी येते, सुटे भाग वेगळे. दुसऱ्यात टोनर, ड्रम व सुटे भाग धरून प्रत्येक प्रतीला ठरावीक पैसे आकारले जातात आणि कागद ग्राहकाचा असतो. यंत्र भाड्याने घेतल्यासही हीच पद्धत. ज्या कार्यालयात दुरुस्तीची दगदग कोणी पाहायची हाच प्रश्न असतो, तेथे दुसरा प्रकार थोडा महाग वाटला तरी सोयीचा. मात्र ए-थ्री प्रतीची गणना एक धरणार की दोन, काळ्या मजकुरात एवढेसे रंगीत बोधचिन्ह आले तर पान रंगीत दराने मोजणार का, तंत्रज्ञाने चाचणीसाठी काढलेल्या प्रती वजा होणार का, महिन्याला किमान किती प्रतींचे पैसे भरावेच लागतील आणि वस्तू व सेवा कर दरात धरला आहे की वेगळा, हे लेखी असावे. यंत्र बंद पडल्यास किती तासांत माणूस येईल, हेही. महानगरात सहज मिळणारी ही सेवा तालुक्याच्या गावी कशी मिळेल, याची चौकशी तेथील दुसऱ्या ग्राहकाकडे केलेली उत्तम.

स्वस्तात मिळणाऱ्या वापरलेल्या, ‘रिकंडिशन’ केलेल्या यंत्रांची बाजारपेठ मोठी आहे. भक्कम बांधणीचे मोठे यंत्र अशा रीतीने चांगले मिळूही शकते. परंतु रंगरंगोटीवर न जाता मीटरवरील एकूण प्रती पाहाव्यात, ड्रम व फ्यूजर केव्हा बदलले ते विचारावे आणि त्या मॉडेलचे भाग अजून मिळतात याची खात्री करावी. वापरलेल्या छायाप्रत यंत्रांच्या आयातीवर केंद्र सरकारचे निर्बंध असून त्यासाठी परवानगी लागते. तेव्हा पक्के बिल न देणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहणे इष्ट.

पावसाळ्यातील कागद

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर या काळात कागद अडकण्याच्या तक्रारी वाढतात. दमट कागद वाकतो, एकमेकांना चिकटतो. शिवाय ओलाव्यामुळे विद्युतप्रभार निसटतो आणि टोनर कागदावर नीट उतरत नाही, म्हणून प्रत फिकी येते. दोष यंत्राचा समजला जातो. रिम वेष्टनातच ठेवावी, लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये भरावा आणि ट्रे खिडकीकडे नसावा, एवढ्याने बरेच भागते. शक्यतो ७५ ग्रॅमपेक्षा हलका कागद घेऊ नये. अडकलेला कागद उलट दिशेने ओढून काढल्यास तो फाटतो आणि तुकडा आत राहतो. तो कागदाच्या प्रवासाच्या दिशेनेच काढावा. फ्यूजरला हात लावू नये, आणि सांडलेला टोनर गरम पाण्याने धुऊ नये, कारण उष्णतेने तो चिकटतो. थंड ओले फडके पुरे.

यंत्राची स्मृती

मोठ्या डिजिटल यंत्रांत हार्ड डिस्क किंवा तत्सम साठवण असते. स्कॅन झालेली पाने तेथे तात्पुरती साठतात आणि योग्य व्यवस्था नसेल तर पुसल्यानंतरही परत मिळवता येतात. अमेरिकेत २०१० मध्ये सीबीएस वृत्तवाहिनीने जुन्या बाजारातून यंत्रे विकत घेऊन पाहिली, तेव्हा त्यांतून पोलिसांचे आणि रुग्णांचे कागद बाहेर आले. त्यांतील एक यंत्र पूर्वी अॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने भाड्याने वापरलेले होते. डिस्क न पुसता यंत्र परत केल्याबद्दल या संस्थेला २०१३ मध्ये बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन प्रकरण मिटवावे लागले. बाधित व्यक्तींची संख्या साडेतीन लाखांच्या घरात सांगितली गेली.

आपल्याकडे आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे धनादेश आणि वैद्यकीय अहवाल यांच्या प्रती रोज निघतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यापासून ग्राहकांची अशी माहिती सांभाळणे ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. यंत्र घेताना त्यात डिस्क आहे का, त्यावरील माहिती कूटबद्ध होते का आणि प्रत्येक कामानंतर आपोआप पुसली जाते का, हे विचारावे. यंत्र संगणकजाळ्याला जोडण्यापूर्वी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. भाडेकरार संपताना डिस्क पुसून दिल्याचे लेखी पत्र विक्रेत्याकडून घ्यावे, किंवा डिस्क काढून स्वतःकडे ठेवण्याची अट करारावर सही करतानाच घालून घ्यावी. यंत्र टेम्पोत चढल्यावर ती घालता येत नाही.